चित्रांतील फळ आणि जीवनाची आशा

फळ केवळ जिव्हेच्या तृप्तीसाठी नाही. मृत्यू व जीवन यांविषयीही चित्रकारांनी त्यास बोलावयास लाविले आहे. प्राचीन ग्रीक कथेत पाताळी डाळिंबाचे दाणे भक्षिल्यामुळे पर्सेफोनीस दरवर्षी काही काळ तेथे राहावे लागे. ती परतली म्हणजे वसंत येई. तेच डाळिंब ख्रिस्ती कलेने प्रभूचे दुःखसहन व पुनरुत्थान यांची खूण मानिले. फ्लॉरेन्सच्या बोत्तिचेल्लीने सुमारे १४८७ साली रंगविलेल्या चित्रात पवित्र मरियेच्या हाती उकललेले डाळिंब असून बाळ येशूचा हात त्यावर आहे.

विसाव्या शतकात मेक्सिकोच्या चित्रकलेत असाच मान कलिंगडास मिळाला. रुफिनो तामायोने ते पुनःपुन्हा रंगविले. फ्रिदा काहलो हिचा पाय १९५३ साली कापावा लागला. तरी कलिंगडांच्या आपल्या चित्रात एका लाल फोडीवर तिने जीवनाच्या जयजयकाराचे शब्द व १९५४ हे साल लिहिले. त्याच वर्षी १३ जुलै रोजी ती निवर्तली.

तिची आशा आमच्या श्रद्धेतून उपजली, असे आम्ही म्हणत नाही. परंतु फळ चिरल्यावाचून आतील बीज दिसत नाही, हे या दोन्ही चित्रांपुढे आम्हांस सारखेच उमगते.