परसातून शाळेत

मराठी घराच्या रचनेत ओसरीला, माजघराला आणि देवघराला जो मान मिळाला तो परसाला कधी मिळाला नाही. तथापि कुटुंबाच्या आरोग्याचा कारभार पुष्कळ अंशी तेथूनच चालत असे. मोरीचे सांडपाणी जेथे वाहत जाई तेथे अळूचे दाट रान, कुंपणाशी शेवगा, गोठ्याच्या छपरावर चढवलेला भोपळ्याचा वेल, मांडवावर पडवळ नि घेवडा, आणि वाटेच्या कडेला मिरची-कोथिंबिरीचा एखादा वाफा, एवढ्या भांडवलावर घरची बाई पावसाळ्याचे चार महिने बाजाराचे तोंड न पाहता पाने वाढीत असे. आणि तिच्या पदराला धरून हिंडणारे पोर, कोणत्या पानाची भाजी होते, कोणते पान खाजते व चिंचेवाचून उतरत नाही, हे अक्षरओळखीच्या आधीच शिकून मोकळे होई. ‘परसबाग’ हा शब्दही या व्यवहाराला शोभेसाच आहे: त्याचे पहिले पद घरचे, दुसरे फारसीतून आलेले, आणि दोन्ही एका कुंपणात सुखाने नांदणारी.

ही अलिखित पाठशाळा सरकारी शाळेच्या आवारात मात्र शिरली नाही. १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्यानंतर खात्याच्या ज्या शाळा गावोगाव निघाल्या, त्या कोठे देवळाच्या ओवरीत, कोठे चावडीच्या पडवीत भरत. त्यांचे दैवत हजेरीपट, त्यांचा महोत्सव म्हणजे डेप्युटीसाहेबांची तपासणी, आणि त्यांचे सर्वोच्च फल एखाद्या कचेरीतील कारकुनी. अन्न ही घरच्या बायकांची बाब आणि विद्या ही पंतोजींची, अशी फारकत एकदा झाली ती झालीच.

शाळेत बागेला मानाचे स्थान देण्याचे श्रेय पुष्कळ अंशी युरोपातील शिक्षणसुधारकांकडे जाते. १८३७ साली जर्मनीतील ब्लांकेनबुर्ग या गावी फ्रीड्रिख फ्रोबेल याने बालकांची जी शाळा काढली तिला पुढे त्याने किंडरगार्टन, म्हणजे बालकांचे उद्यान, असे नाव दिले, आणि ते नाव नुसते रूपक राहू नये म्हणून प्रत्येक मुलाला स्वतःचा एक चिमुकला वाफा व सर्वांना मिळून एक सामाईक वाफा नेमून दिला. १८६९ मध्ये ऑस्ट्रियाच्या शिक्षणकायद्याने ग्रामशाळांतील बागांना राजमान्यता दिली; १८९१ मध्ये बोस्टनच्या रॉक्सबरी भागातील एका शाळेने अमेरिकेत हाच पायंडा पाडला; आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात तर त्या देशाच्या सरकारने शाळकरी मुलांची एक ‘उद्यानसेना’ उभारून तीत हुद्देही वाटले. बाग तीच राहिली, धनी मात्र बदलत गेले. फ्रोबेलला तेथे बालमनाची मशागत करावयाची होती, राज्यकर्त्यांना शेतीची सुधारणा हवी होती, युद्धखात्याला धान्याची भर हवी होती. ज्या मुलाच्या हाती खुरपे दिले त्याच्या पानात संध्याकाळी काय पडते, हा प्रश्न बहुधा पुढच्या पंगतीला ठेवला गेला.

आपल्याकडे हा प्रश्न पहिल्या पंगतीला येण्याचा योग वर्ध्याला आला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी तेथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने थोड्याच आठवड्यांत सात वर्षांच्या मूलोद्योग शिक्षणाची, म्हणजेच नई तालीमची, योजना सादर केली. सूत कातणे व विणणे, सुतारकाम, शेती यांच्याबरोबर फळे व भाजीपाल्याची बागाईत हाही मूलोद्योग होऊ शकतो असे तीत मानले होते. साडेपाच तासांच्या शालेय दिवसातील तीन तास वीस मिनिटे उद्योगाला, चाळीस मिनिटे मातृभाषेला, असे ते वेळापत्रक वाचून पुस्तकी पंडितांच्या भुवया उंचावल्या असतील तर नवल नाही. अधिक गंभीर आक्षेप वेगळाच होता. शाळेने आपला खर्च मुलांच्या उत्पादनातून भागवावा, या गांधीजींच्या आग्रहावर अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनी परिषदेतच हरकत घेतली. आणि आर्थिक बाजूवर भर देण्याच्या नादात शिक्षक मुलांकडून केवळ श्रम उकळू लागतील, हा धोका खुद्द समितीनेही आपल्या अहवालात नोंदवून ठेवला. या इतिहासातील पुढचा सारा पेच त्या एका इशाऱ्यात बीजरूपाने आहे.

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला, आर्यनायकम् आणि आशादेवी या दांपत्याच्या देखरेखीखाली, हा धोका टाळण्याची जी युक्ती निघाली ती साधी होती: वाफ्याला स्वयंपाकघर जोडणे. वर्षानुवर्षे आहाराचे प्रयोग करीत आलेल्या गांधीजींनी १९३५ च्या प्रारंभी ‘हरिजन’ पत्रात हिरव्या पाल्याच्या पोषणमूल्याविषयी लिहिले होते. मुळ्याचा आणि गाजराचा जो पाला आपण गुरांपुढे टाकतो तो माणसाच्या ताटात यावा, हे त्यांचे म्हणणे. योगायोग असा, की वर्ध्याच्या परिषदेच्याच वर्षी कुन्नूर येथील संशोधन-प्रयोगशाळेतून डॉ. आयक्रॉइड यांची भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका प्रसिद्ध झाली. हिरव्या पाल्यातून शरीराला ‘अ’ जीवनसत्त्व मिळते आणि त्याच्या अभावी मुलांना रातांधळेपणा येतो, ही गोष्ट आता कोष्टकाच्या आधाराने सांगता येऊ लागली. नई तालीमच्या शाळेत मुले खड्ड्यांत साठवून कुजवलेले खत वाफ्यांना घालीत, भाजी तोडून तिचे वजन करीत, ती शिजवीत, आणि माणशी किती भाजी पडली याची त्रैराशिके मांडीत. म्हणजे सफाई, शेती, पाकशास्त्र, गणित आणि शरीरविज्ञान हे पाच विषय एका पालकाच्या जुडीत बांधले जात. मैल्याचे सोनखत करण्याचा जो ध्यास गांधीवादी कार्यकर्ते आप्पासाहेब पटवर्धनांनी कोकणात कणकवलीजवळ गोपुरीला घेतला, त्याचाही ओढा या चक्राकडेच होता: मातीतून आलेले मातीला परत जावे आणि त्या व्यवहारात कोणी हलका ठरू नये.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी वस्तीत नेले, तेव्हा या इतिहासाला एक निराळेच वळण मिळाले. त्या डोंगरातील वारली मुलाला पाऊस पडताच टाकळा कोठे उगवतो, शेवळे कोठे वर येते, ते कोणत्या पाल्याबरोबर शिजवल्याने घसा खवखवत नाही, हे ठाऊक असते. अशा मुलासमोर वांग्या-टोमॅटोचा वाफा आखून ‘भाजी खात जा’ असा उपदेश करणाऱ्या नागर शिक्षकालाच वास्तविक पाटी घेऊन खाली बसावयास हवे. ताराबाईंनी शाळेला वस्तीच्या अंगणात नेले आणि रानात गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली; मुलाच्या पदरी असलेले ज्ञान शाळेने आधी ओळखावे व मग आपली भर घालावी, हा त्या दोन्ही उपक्रमांचा मथितार्थ.

स्वातंत्र्यानंतर मूलोद्योग शिक्षणाचा विस्तार झाला, पण विस्ताराबरोबर त्याचा जीव क्षीण होत गेला. कोठारी आयोगाच्या १९६६ च्या अहवालाने ‘कार्यानुभव’ ही संज्ञा रूढ केली, दहा-अकरा वर्षांनी ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ हे लांबलचक नाव आले, आणि बाग हळूहळू वेळापत्रकाच्या शेवटच्या तासिकेत जाऊन बसली. तपासणीच्या आदल्या दिवशी वाफ्यांना गेरू-चुन्याच्या विटांची किनार लागे, पाणी शिंपडले जाई, आणि साहेबांची गाडी वळणापलीकडे दिसेनाशी झाली की शेळ्यांना मोकळे रान मिळे. दफ्तरात वाफ्यांची संख्या होती, मालाचे वजन होते, विक्रीचे रुपये-आणे होते, पुढे गुणही आले. तेथे पिकलेली भाजी मुलाने खाल्ली की नाही, यासाठी मात्र रकाना आखलेला नव्हता. समितीने नोंदवलेले भय अर्धेच खरे ठरले: मुलांचे श्रम उकळले गेले नाहीत, पण बागेचा हिशेबच तेवढा उरला.

वाफ्यातून ताटाकडे जाणारी ती तुटलेली वाट पुन्हा सांधली गेली ती बागेच्या बाजूने नव्हे, चुलीच्या बाजूने. १५ ऑगस्ट १९९५ पासून शालेय पोषण आहाराची राष्ट्रीय योजना सुरू झाली. प्रारंभी पुष्कळ ठिकाणी मुलांच्या हाती धान्यच पडे, परंतु २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्यास राज्यांना फर्मावले आणि शाळेच्या आवारात चूल आली. २०१९ मध्ये केंद्र सरकारने शाळांतील पोषणबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शासकीय भाषेत या बागेचे नाव काहीही असो, गावच्या शाळेत तिला परसबागच म्हणतात. आणि दुपारी खिचडीत मेथी किंवा शेवग्याचा पाला पडला म्हणजे सेवाग्रामच्या त्या स्वयंपाकघराशी तिचे नाते आपोआप जुळते.

या साऱ्या वाटचालीत यशाची कसोटी अहवालाने कधी लागली नाही, ती ताटानेच लागली. स्वतः पेरलेला मुळा मूल नावडीने का होईना चाखून पाहते, हे परसात वावरणाऱ्या कोणत्याही आजीला ठाऊक होते. शिक्षणशास्त्राला तेथवर येण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली, एवढेच. जेवण आटोपल्यावर नळाखाली ताटल्या धुणाऱ्या मुलांच्या रांगेतून जे पाणी वाहून जाते ते जेथे मुरते, तेथे कोणी जाणत्या बाईने अळूचे दोन कांदे रोवून ठेवलेले असतात. शाळेला परस लाभला, याची एवढी खूण पुरे आहे.