ठाकुरांचा मुलगा आणि माझा चुलता

पलूसच्या यात्रेत सिनेमाचा तंबू लागला की आम्हा पोरांचा पाय घरात ठरत नसे. ‘खिलौना’ मी त्या तंबूतच पाहिला. चित्रपट १९७० चा. आमच्यापर्यंत पोचायला त्याला दोन-तीन वर्षे लागली. पुढे आमच्या घरात जे घडले त्याचा विचार करताना मला पुन्हापुन्हा त्या तंबूकडे जावे लागते.

कथा अशी. ठाकुरांचा मुलगा (संजीवकुमार) प्रेयसीच्या मृत्यूने वेडा होतो. बायको आली तर तो ताळ्यावर येईल, या आशेने ठाकूर कोठ्यावर जातात आणि चाँद नावाच्या नाचणारीला (मुमताज) पैसे देऊन बायकोचे सोंग करायला घरी आणतात. इभ्रतीच्या घरची मुलगी या कामाला कोण देणार? तो वेडाच्या भरात तिच्यावर बलात्कार करतो, तरी ती सेवा सोडत नाही. शुद्धीवर आल्यावर तो तिला ओळखतसुद्धा नाही. अखेर तिला सून म्हणून पदरात घेतले जाते आणि तंबू डोळे पुसतो. मीही पुसले होते. घरचे कोणी हात लावणार नाही ते काम बाहेरचे माणूस आणून करून घ्यायचे, ही रीत गावकुसाबाहेरच्यांना नवी होती काय? मेलेली ढोरे ओढणाऱ्यांच्या पोरांनी तरी ती पडद्यावर ओळखायला हवी होती.

त्याच्या आदल्याच वर्षीचा असित सेन यांचा ‘खामोशी’. तिथे नाचणारीच्या जागी परिचारिका आहे. रुग्णावर प्रेमाचे नाटक करून त्याला बरे करायचे, हा डॉक्टरांचा प्रयोग. एक बरा होऊन निघून जातो, दुसराही बरा होतो, आणि राधा (वहिदा रेहमान) स्वतः त्याच इस्पितळात रुग्ण होते. हा चित्रपट निदान किंमत कोणी मोजली ते दाखवतो, म्हणून मला तो अधिक प्रामाणिक वाटतो. वास्तविक क्लोरप्रोमॅझिन हे औषध १९५२ पासून अशा रुग्णांवर वापरात आले होते. पण गोळीवर प्रेमकथा उभी राहत नाही.

दुष्काळ सरल्यावर, १९७४ च्या सुमारास, माझा धाकटा चुलता बिघडला. कानात कोणी बोलते म्हणायचा, रात्री उसाच्या फडातून पळत सुटायचा. आमचे घर १९५६ नंतरचे, देव पाण्यात सोडलेले. तरी आजी गुपचूप नरसोबाच्या वाडीला जाऊन आली. देवरुषी झाले. मग जाणत्यांनी निकाल दिला, “लगीन करा, बायकू आली की डोस्कं ठिकाणावर येतंय.” कोणीतरी ‘खिलौना’चा दाखलाही दिला. ही समजूत सिनेमाने जन्माला घातली असे मी म्हणत नाही, ती फार जुनी. सिनेमाने तिला पुरावा दिला.

मुलगी आणली ती आमच्याहून गरीब घरची, बापाविना वाढलेली. तिला कोणी काही सांगितले नाही. अशा लग्नाला हिंदू विवाह कायद्यात १९५५ पासून हरकत होती आणि तो कायदा आम्हा बौद्धांनाही लागू. (त्या कायद्याचा रुग्णाकडे बघण्याचा डोळा कसा आहे, हा वेगळा प्रश्न.) पण वस्तीत तो कोणाला ठाऊक? ठाऊक असता तरी त्या मुलीला परत जायला माहेर कुठे होते? तीस वर्षांवर तिने दिवसा भांगलण केली, पुढे द्राक्षबागा वाढल्यावर विरळणी केली, आणि रात्री त्याला सांभाळले. झटका आला की त्याला दाव्याने खांबाला बांधीत. बांधणाऱ्यांत मीही होतो. १९९० नंतर मिरजेच्या एका डॉक्टरांच्या गोळ्यांनी उतार पडला. गोळ्यांना पैसे असले की तो कामालाही जाई.

६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली आणि साखळीने बांधलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण जळून मेले. दोन वर्षांनी ‘तेरे नाम’ आला. त्यातही नायक साखळदंडात, एका आश्रमात. मात्र तिथे साखळी विरहाची शोभा म्हणून येते. पलूसच्या पोरांनी सलमान खानसारखे मधोमध भांग पाडून केस वाढवले. त्या साखळीबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’त (२००४) आजार हा आजार म्हणून आला, सांभाळणारी बहीण आणि तिची ओढाताण दिसली. पण तो चित्रपट आमच्या वस्तीत कोण आणणार?

चुलता वारल्यानंतर एकदा दूरदर्शन संचावर ‘खिलौना’ लागला होता. काकीने तो प्रथमच पाहिला. मी म्हटले, “काकी, बघवत नसंल तर बंद करतो.” ती शेवटपर्यंत बसली. रडली नाही. नंतर म्हणाली, “त्या बाईला पगार किती ठरला हुता रं?”

मला ते आठवत नव्हते.