ग्रेंज, खोक्यातली वाइन आणि जिभेचा न्याय

ऑस्ट्रेलियन वाइनचा विषय निघाला की आपल्याकडे दोन टोकांचीच चर्चा होते. एक, स्वस्त, फळांच्या चवीची, सहज रिचवता येणारी वाइन. दुसरे, 'ग्रेंज' नावाची बाटली, जी फारच थोड्यांनी चाखलेली असते, पण जिच्या किमतीविषयी सर्वांना ठाऊक असते. या दोहोंमधले काही निवडायचे, तर ही टोके कशी निर्माण झाली हे आधी पाहणे आम्हांस आवश्यक वाटते.

१७८८ साली आर्थर फिलिपच्या ताफ्याबरोबर द्राक्षवेली सिडनीस पोहोचल्या. १८३१ मध्ये जेम्स बझबी याने फ्रान्स आणि स्पेनमध्ये हिंडून शेकडो वाणांच्या काड्या जमवल्या. पुढे फिलॉक्सेरा या किडीने युरोपातील बागा उद्ध्वस्त केल्या, पण दक्षिण ऑस्ट्रेलिया तिच्यापासून बचावला. म्हणूनच बरोसा खोऱ्यात १८४३ साली लावलेल्या शिराझच्या वेली अद्याप फळ देतात. मात्र या वेलींचे मोल बराच काळ कोणास कळले नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या देशात खप होता तो प्रामुख्याने पोर्ट आणि शेरीच्या धर्तीच्या, द्राक्षाचा अर्क मिसळून कडक केलेल्या वाइनचा.

पेनफोल्ड्सचा मद्यकार मॅक्स शूबर्ट १९५० साली शेरी आणि पोर्टचे तंत्र पाहण्यासाठी युरोपला गेला. वाटेत बोर्दो येथे त्याने दशकानुदशके मुरलेल्या वाइन चाखल्या. तसे काही आपल्या मातीतून घडवावे, या ध्यासाने १९५१ मध्ये त्याने ग्रेंजचा पहिला प्रयोग केला. काबर्ने द्राक्षे दुर्मिळ, म्हणून त्याने शिराझ घेतली; फ्रेंच ओकऐवजी अमेरिकन ओकची पिंपे वापरली. चाखणाऱ्यांनी ती नाकारली आणि १९५७ च्या हंगामापूर्वी संचालकांनी उत्पादन थांबवण्याचा हुकूम दिला. शूबर्टने तीन हंगाम ती लपवून बनवली. दरम्यान आधीच्या बाटल्या मुरल्या, मते पालटली आणि १९६० च्या हंगामाला परवानगी मिळाली. ज्यांनी नाकारले त्यांची जीभ खोटी नव्हती. ती केवळ घाईची होती.

दुसरे टोक १९६५ चे. रेनमार्कच्या टॉम अँगोव्ह याने पुठ्ठ्याच्या खोक्यात प्लॅस्टिकची पिशवी बसवून तीत वाइन भरण्याचे पेटंट घेतले. वाइन ओतली जाते तशी पिशवी आक्रसते, हवा आत शिरण्यास वाव राहत नाही. पुढे तिला तोटीही आली. वाइन साध्या घरांतील रोजच्या जेवणापर्यंत पोहोचली, ही गोष्ट ग्रेंजहून लहान मानण्यास आम्ही तयार नाही.

या इतिहासावरून आमची शिफारस अशी. खिसा बेताचा असेल, तर रिव्हरलँड वा रिव्हरिना या पाटपाण्याच्या प्रदेशांतील शिराझ घ्यावी आणि त्याच वर्षी संपवावी. थोडा अधिक खर्च करता येत असेल, तर क्लेअर खोऱ्यातील कोरडी रीस्लिंग घ्यावी. तिची लिंबासारखी आम्लता तळलेल्या मासळीबरोबर उत्तम जमते. धीर असेल त्याने हंटर खोऱ्यातील सेमियाँ निवडावी. ही तरुणपणी पातळ आणि आंबट भासते; दहा वर्षांनी तिच्यात मधाची आणि भाजलेल्या पावाची छटा येते. शूबर्टचा धडा इथे पुष्कळ कमी पैशांत मिळतो. गोडाची आवड असणाऱ्यांनी रदरग्लेनची मस्कॅट घोट-घोट घ्यावी, आणि प्रसंग मोठा असेल तर बरोसाच्या जुन्या वेलींची शिराझ किंवा कूनावाराच्या तांबड्या मातीतील काबर्ने उघडावी.

मुंबई-पुण्याच्या वाचकांसाठी एक हिशेब. २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या भारत-ऑस्ट्रेलिया करारानुसार, पाच डॉलरहून अधिक आयातमूल्याच्या बाटलीवरील सीमाशुल्क १५० टक्क्यांवरून १०० वर, तर पंधरा डॉलरहून अधिक मूल्याच्या बाटलीवरील ७५ वर आले; पुढेही ते टप्प्याटप्प्याने घटणार आहे. त्याखालच्या बाटलीस सवलत नाही. अर्थात तिथे जी सर्वांत स्वस्त, तिच्यावर इथे कराचा बोजा सर्वांत जड. तेव्हा आपल्याकडे शहाणपण आहे ते मधल्या पायरीवर.

आणि चाखताना पहिल्या घोटास निकाल देऊ नये. संचालकांनी तो दिला, आणि एक थोर वाइन तीन वर्षे तळघरात लपून राहिली.