कंपनी 'मेली' असं कधी म्हणायचं?

परकीय कंपन्यांच्या टिकण्यावर संशोधन करायचंय? मग आधी 'मृत्यू'ची व्याख्या ठरवा. १९६२ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर कमिन्सचा कारखाना स्वारगेटपासून फार लांब नाही, कोथरूडला. १९७३च्या फेरा कायद्याने परकीय मालकीवर साधारण ४० टक्क्यांची मर्यादा आणली. कोका-कोला, आयबीएम निघून गेल्या, ही राहिली. भारतीय भागीदार आणि देशाला हवं असलेलं इंजिनाचं तंत्रज्ञान, ही कारणं मला पटतात. पुढे किर्लोस्कर बाहेर पडले, नाव 'कमिन्स इंडिया' झालं. नुसतं जुनं नाव शोधणारा हिला 'बंद' म्हणून नोंदवेल! तळेगावात उलटं. जनरल मोटर्सने २०२०च्या अखेरीस उत्पादन थांबवलं. २०२३मध्ये ह्युंदाईने तोच कारखाना घेण्याचा करार केला. म्हणून डेटात कंपनी आणि कारखाना यांचे रकाने वेगळे ठेवा.