तारिणीची सागरपरिक्रमा

हुसेनसागराच्या काठी उभे राहिले असता शिडाच्या लहान नौका वाऱ्याशी खेळताना आपण पाहतो. समुद्र येथून शेकडो मैल दूर. तेव्हा दर्यावर्दीपणा हैदराबादकरांच्या ललाटी कोठून असणार, असे कोणासही वाटेल. परंतु भारतीय नौदलाच्या ज्या सहा स्त्री-अधिकाऱ्यांनी शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्यांतील ऐश्वर्या बोड्डपाटी या हैदराबादच्याच होत.

त्या नौकेचे नाव 'तारिणी'. ओडिशातील गंजम जिल्ह्याची तारातारिणी ही देवी दर्यावर्दींची तारक मानली जाते; तिच्यावरून हे नाव ठेवले. नौका मात्र घडली गोव्यात, ज्या दिवाडी बेटावर कदंबांचे आराध्यदैवत सप्तकोटेश्वर पूर्वी नांदत होते, तेथे, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात. तेथेच आधी बांधलेल्या 'म्हादेई'तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. या सहाजणींना नौकानयनाचे धडेही त्यांनीच दिले.

१० सप्टेंबर २०१७ रोजी वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली 'तारिणी' गोव्याहून निघाली. दक्षिण पॅसिफिकमध्ये तिला भयंकर वादळाने गाठले. वारा ताशी सुमारे ११० किलोमीटर, लाटा सात मीटर उंच! अशा वेळी नौका कशी राखावी?

अनुभवी नाविकांची शिकवण अशी की, शीड कमी करावयाचे ते वारा चढण्यापूर्वीच. चढल्यावर ते हाती लागत नाही. मोठे शीड आखडून वादळासाठीचे लहान, जाड शीड लावावे. लाट आडवी अंगावर घेऊ नये. तिने नौका उलथते. लाटेकडे पाठ करून धावताना वेग अनावर झाला, तर मागे लांब दोर सोडून तो आवरावा. झडपा बंद असाव्यात आणि डेकवरील प्रत्येकाने पट्ट्याने स्वतःस नौकेशी बांधून घ्यावे. सुकाणूवर पाळी बदलत राहावी, कारण थकलेला हात चुकतो.

एवढे करूनही सागर कधी कधी जिंकतोच. सप्टेंबर २०१८ मध्ये गोव्यातच बांधलेल्या 'थुरिया'ची डोलकाठी दक्षिण हिंदी महासागरात मोडली. तिचे कुशल नाविक अभिलाष टॉमी पाठीच्या गंभीर दुखापतीने जायबंदी झाले. तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांना वाचविले.

'तारिणी'ने १९ जानेवारी २०१८ रोजी केप हॉर्नला वळसा घातला. पुढे सुकाणूत बिघाड झाला, तेव्हा घाईने घर गाठण्याचा हट्ट न धरता तिने एप्रिलमध्ये मॉरिशसला थांबून दुरुस्ती केली, आणि २१ मे रोजी ती गोव्यात सुखरूप परतली.

देवीचे नाव नौकेस दिले म्हणून नाविकाचे कर्तव्य सुटत नाही, हे आम्हांस या कथेतून विशेष जाणवते. भक्ताने वेळीच शीड उतरविले, तरच तारिणी तारते.