बुटके, पण निरोगी?

वयात येणारं मूल साधारण किती उंच होईल, याचा अंदाज बांधायला बालरोगतज्ज्ञ एक सोपं सूत्र वापरतात. आईवडिलांची सेंटिमीटरमधली उंची मिळवायची, मुलगा असेल तर त्यात 13 मिळवायचे, मुलगी असेल तर 13 वजा करायचे आणि 2ने भागायचं. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जेम्स टॅनर यांच्या कामातून ते आलं. माझे बाबा 161, आई 149. उत्तर येतं 161.5. दिवसभर कोड लिहिणाऱ्या माणसाला असं सूत्र आवडायला हवं, पण मला त्यातल्या इनपुटचीच शंका येते.

बाबांचा जन्म 1970चा, माण तालुक्यातला. ते दोन वर्षांचे झाले आणि बहात्तरचा दुष्काळ आला. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. घरात अमेरिकेतून आलेली लाल मिलो, कामावर मिळणारी सुकडी. पुढे हे कुटुंब घाटकोपरच्या भटवाडीत आलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. गर्भात असल्यापासून दोन वर्षांपर्यंतच्या काळात मुलाची उंची जेवढी मारली जाते, तेवढी नंतर क्वचितच. मग बाबांचे 161 रक्तातले म्हणायचे की दुष्काळातले?

या प्रश्नावर चाळीसेक वर्षांपूर्वी पुण्यात मोठा वाद झाला, हे मला फार उशिरा कळलं. त्याच्या केंद्रस्थानी पां. वा. सुखात्मे होते. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात 1911 साली जन्मलेले हे संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख राहून ते पुण्यात परतले. त्यांचं म्हणणं असं: माणसाची उष्मांकांची गरज हा स्थिर आकडा नसतो. ती दिवसागणिक बदलते, शरीर काही मर्यादेत कमी अन्नावर जुळवून घेतं. त्यामुळे सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित धरला, तर भुकेल्यांची संख्या फुगते. वि. म. दांडेकरांनी नीलकंठ रथांबरोबर 1971 साली 2250 उष्मांकांच्या आधारे दारिद्र्यरेषा मांडली होती. साहजिकच दोघांची जुंपली. 1981 मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त दोघेही एकमेकांविरुद्ध लिहीत होते.

1982 साली सुखात्म्यांनी संपादित केलेलं एक पुस्तक पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने काढलं. त्यात डेव्हिड सेकलर या अमेरिकी अर्थतज्ज्ञाचा लेख होता. सौम्य ते मध्यम खुरटलेली मुलं ‘बुटकी, पण निरोगी’ असतात, असं त्याचं प्रतिपादन. गरिबीशी शरीराने केलेली ती तडजोड, आजार नव्हे. पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांनी लगेच विचारलं की हे बुटकेपण गरिबांसाठीच ठीक आणि श्रीमंतांसाठी नाही, असं का? खुरटलेल्या बाईला कमी वजनाचं मूल होतं, खुरटलेल्या मजुराच्या हातून काम कमी होतं, तेव्हा ही तडजोड फुकटची नव्हे.

सुखात्म्यांना मात्र खलनायक करायची घाई नको. जेवणाइतकंच स्वच्छ पाणी आणि स्वच्छता महत्त्वाची, हे ते आग्रहाने सांगत होते. सतत जुलाब होणाऱ्या मुलाला खाल्लेलं लागत नाही. झोपडपट्टीतल्या सार्वजनिक नळाजवळ राहिलेल्या कुणालाही हे पटेल. सेकलरची गोष्ट वेगळी. त्याचं वाक्य धोरण ठरवणाऱ्यांसाठी फारच सोयीचं होतं.

पण किशोरवयातली झेप ही तूट भरून काढते का? मुलगी साधारण बाराव्या, मुलगा चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या सत्यनारायण यांनी आसपासच्या खेड्यांतल्या मुलांचा पाच वर्षांच्या वयापासून तरुणपणापर्यंत मागोवा घेतला. खुरटलेली मुलं वयात उशिरा आली, जास्त काळ वाढत राहिली आणि एकूण वाढली इतरांइतकीच. म्हणजे पाचव्या वर्षी असलेली तूट तशीच राहिली.

रक्ताच्या युक्तिवादाचं उत्तर 2006 साली आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात सहा देशांतली पाच वर्षांपर्यंतची मुलं मोजली होती, त्यात दक्षिण दिल्लीतल्या सुस्थितीतल्या घरांतली मुलंही होती. त्यांची उंची नॉर्वे, ब्राझीलच्या मुलांच्या जवळपास बरोबरीची निघाली. दक्षिण कोरियातल्या बायका शंभर वर्षांत सुमारे 20 सेंटिमीटरने उंच झाल्या. तीनचार पिढ्यांत जनुकं बदलत नाहीत.

माझा आतेभाऊ गावीच वाढला. पोलीस भरतीला पुरुषांसाठी 165 सेंटिमीटर लागतात, तो सतराव्या वर्षी 163 होता. दोन वर्षं तो रोज तालमीतल्या बारला लोंबकळला, दोरीच्या उड्या मारल्या, लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिरातीतली कसलीशी पावडर मुंबईहून मागवून खाल्ली. हाडांच्या टोकांची वाढीची कूर्चा एकदा बंद झाली की यातल्या कशाचाच उपयोग नसतो. तो 163.5वर थांबला. आता साताऱ्यात टेम्पो चालवतो.

माझी उंची 168 आहे. सूत्रापेक्षा साडेसहाने जास्त. त्यावरून काही सिद्ध होत नाही, सूत्राला स्वतःलाच आठ-साडेआठ सेंटिमीटर इकडेतिकडे चालतात. आतेभावाकडे पाहून आत्या म्हणते, आपल्या घराण्यातच उंची नाही. आणि माझी? ती म्हणे आईच्या माहेराकडून आली. आईचे दोन्ही भाऊ माझ्या खांद्याला लागतात.