धक्का कोणाच्या खांद्याला?

बंदुकीचा इतिहास आपल्याकडे बहुधा लढायांच्या अंगाने लिहिला जातो. पक्ष्यांवर झाडल्या जाणाऱ्या छऱ्यांच्या बंदुकीकडे वाङ्मयाचे अभ्यासक क्वचितच वळतात. परंतु ज्या पक्षिवर्णनांच्या नेमकेपणाचे आपण वर्गात कौतुक करतो, त्यांच्यामागे हीच बंदूक उभी आहे, याचे भान असावे असे आम्हांस वाटते.

आमचा हिंगोली जिल्हा १९९९ साली परभणीपासून वेगळा झाला. त्याआधी १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामी अमलाखाली होता, आणि हिंगोली गावी हैदराबाद कंटिन्जंटची छावणी १९०३ पर्यंत नांदली. छावणी आली की शिकार आली, अशी त्या काळाची रीतच होती. तित्तिर-लाव्यांच्या मागे दिवसभर माळ तुडवायचा तर बंदूक हलकी हवी. पण छरे पुढे जातात त्याच जोराने बंदूक मागे येते, आणि ती हलकी असेल तर खांद्याला बसणारा धक्का अधिक. शिकाऱ्याची निवड या पेचात अडकलेली असे.

अमेरिकेच्या जॉन ब्राउनिंगने १९०० साली पेटंट घेतलेल्या बंदुकीत हा धक्काच कामाला लावला. नळी आणि बोल्ट मागे सरकून स्प्रिंगवर दाबले जात. त्या बळावर रिकामे काडतूस बाहेर पडून नवे आत येई. १९६३ च्या रेमिंग्टन ११०० मध्ये हेच काम दारूच्या वायूने केले आणि धक्का आणखी सौम्य झाला. शिकाऱ्याचा खांदा सुखावला. पक्ष्याच्या वाट्याला मात्र जे येत होते तेच आले.

सौम्यतेचा दुसरा हिशोब संग्राहकांचा. नमुन्याचे कातडे अभंग राहावे म्हणून ते लहान बोअरची बंदूक आणि अतिशय बारीक छरे वापरीत. सालिम अलींची वाटही एअरगनने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासूनच सुरू झाली. १९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानाचे पक्षी-सर्वेक्षण केले. अशा सर्वेक्षणांत पक्षी मारून, मोजून, पिसे पाहून नोंदी होत. आपल्या ज्ञानाला ही किंमत पडली आहे. ती नाकारणे अप्रामाणिकपणाचे, आणि तिचे उदात्तीकरण त्याहून वाईट.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात परवान्याच्या शिकारीला जागा उरली होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही गेली. आज कोणती बंदूक खांद्याला कमी लागते, हा प्रश्न आमच्या माळावर निरर्थक ठरला आहे. त्याच माळावर दुसरे काम मात्र उरले आहे. मारुती चितमपल्लींनी रानातल्या माणसांच्या तोंडची पक्ष्यांची नावे टिपून मराठीत आणली; त्यासाठी कान पुरेसा होता. आमच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील जुन्या माणसांकडून ती नावे विचारून घ्यावीत. पाखरे अजून आहेत. नावे सांगणारी माणसे मात्र एकेक करून कमी होत आहेत.